बोटाला होकार कुठे मिळतो? जुने कीबोर्ड, नवे कीबोर्ड आणि किनाऱ्यावरची हवा

जुन्या कीबोर्डांची सर नव्यांना नाही, असं सांगणारी माणसं सिंधुदुर्गात अजून बरीच भेटतात. तहसील कचेरीबाहेर अर्ज टाइप करून देणारे, पतपेढीत ठेवींच्या नोंदी करणारे, वकिलाकडे वर्षानुवर्षं दावे टाइप केलेले. नवा कीबोर्ड हातात दिला की दोन ओळी टाइप करतात आणि म्हणतात, "ह्या बटनाक जीवच नाय." ऐकणाऱ्याला वाटतं, जुन्या दिवसांची आठवण आली असेल. पण त्यांच्या बोटांना जे जाणवतं ते खरं आहे. ते मोजता येतं आणि बटण उघडून दाखवताही येतं. मालवणात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या टेबलावर दोन्ही जातींचे कीबोर्ड माझ्याकडून उघडले जातात, तेव्हा आत काय असतं तिथूनच सुरुवात करतो.

बटण दाबलं की तीन गोष्टी घडतात. बोट खाली जातं. वाटेत कुठेतरी विजेची जोडणी होते आणि कॉम्प्युटरला अक्षर कळतं. मग बटण तळाला टेकतं. कीबोर्ड चांगला लागतो की वाईट, हे बरंचसं या तीन गोष्टींच्या क्रमावर आणि त्यांच्यातल्या अंतरावर ठरतं. चांगल्या बटणात अक्षर पोचल्याची खूण बोटाला अर्ध्या वाटेतच मिळते. बोट तिथूनच मागे फिरतं आणि पुढच्या अक्षराकडे जातं. स्वस्त बटणात अशी भरवशाची खूण नसते, म्हणून बोट प्रत्येक वेळी तळापर्यंत जाऊन आपटतं. दिवसाला पाच-सात पानं टाइप करणाऱ्याला हा फरक संध्याकाळी मनगटात कळतो.

तीन चादरी आणि रबराची टोपी

आज दुकानात तीन-चारशे रुपयांना मिळणारा कीबोर्ड पालथा करून स्क्रू काढा. झाकण उचललं की आत स्प्रिंग दिसत नाही, सुटा स्विच दिसत नाही. दिसते ती रबराची एक मऊ चादर, तिच्यावर प्रत्येक बटणाखाली एक छोटा घुमट. ती चादर उचलली की खाली प्लॅस्टिकच्या तीन पारदर्शक चादरी एकावर एक. वरच्या आणि खालच्या चादरीवर वीज वाहून नेणाऱ्या शाईने बारीक रेघा छापलेल्या असतात. शाईत बहुधा चांदीची पूड असते. मधल्या चादरीला बटणाच्या जागी भोकं. बटण दाबलं की घुमट बसतो, वरची चादर भोकातून खालच्या चादरीला टेकते आणि जोडणी होते.

युक्ती हुशारीची आहे, त्याबद्दल वाद नाही. शंभर बटणांसाठी शंभर स्विच बनवावे लागत नाहीत, छपाई केली की झालं. पण घुमट आधी बसतो आणि जोडणी त्यानंतर, अगदी तळाशी होते. बोटाला जो झटका जाणवतो तो रबर बसल्याचा असतो, अक्षर पोचल्याचा नसतो. दोन्हींमध्ये थोडंसं अंतर राहतं. ते अंतर पार झालं की नाही हे बोटाला कळत नाही, म्हणून सवयीने सगळा जोर लावावा लागतो. बटणाच्या कोपऱ्यावर बोट पडलं तर घुमट तिरका बसतो आणि झटका जाणवूनही अक्षर उमटत नाही. शिवाय रबर वयानुसार बदलतं. जास्त वापरातले घुमट सैल होतात, कमी वापरातले कडक होत जातात. दोन वर्षांनी एकाच कीबोर्डावर प्रत्येक बटण वेगळ्या जोराने दाबावं लागतं.

जुन्यात काय होतं

जुना कीबोर्ड म्हटलं की जगभर पहिलं नाव निघतं आयबीएमचं. 1981 साली आयबीएमचा पीसी आला, तेव्हा त्याच्यासोबतच्या कीबोर्डाला मॉडेल एफ म्हणत. 1985च्या सुमारास मॉडेल एम आला. त्याची 101 बटणांची मांडणी इतकी रुजली की आजचा तुमचा कीबोर्डही थोड्याफार फरकाने तीच मांडणी वापरतो. दोन्हींच्या बटणाखाली एक उभी स्प्रिंग असते, आणि सगळी गंमत त्या स्प्रिंगच्या वाकण्यात आहे.

शाळेतली प्लॅस्टिकची फूटपट्टी टेबलावर उभी धरा आणि वरून हळूहळू दाबा. सुरुवातीला ती सरळ राहते, विरोध वाढत जातो. मग एका क्षणी ती एकदम बाजूला वाकते आणि विरोध कोसळतो. मॉडेल एमची स्प्रिंग हेच करते. ती बाजूला वाकते त्याच क्षणी तिच्या तळाशी असलेली प्लॅस्टिकची छोटी हातोडी कलंडते. जोडणी त्या कलंडण्यानेच होते आणि 'टक' असा आवाजही त्याच हालचालीतून येतो. म्हणजे बोटाचा झटका, कानाचा आवाज आणि अक्षर, तिन्ही एकाच घटनेची पोरं. म्हणून त्यावर टाइप करणाऱ्याला पडद्याकडे बघावं लागत नाही. चुकलं तरी बोटाला आधी कळतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अशा छापील चादरींना मेम्ब्रेन म्हणतात, आणि 'मेम्ब्रेन म्हणजे टाकाऊ' असं हल्ली सरसकट बोललं जातं. मॉडेल एमच्या हातोडीखालीही छापील रेघांच्या चादरीच असतात! मॉडेल एफमध्ये त्या नव्हत्या. तिथे हातोडी सर्किटच्या पाटीजवळ आली की विद्युतधारिता, म्हणजे वीज साठवून धरायची क्षमता, बदलते आणि तेवढ्यावरून बटण दाबल्याचं ओळखलं जातं. एममध्ये खर्च वाचवायला चादरी आणल्या, पण वरची स्प्रिंग तीच ठेवली, म्हणून स्पर्श टिकला. दोष चादरीत नाही. बोट आणि चादर यांच्यामध्ये काय ठेवलंय, त्यावर सगळं अवलंबून आहे.

मग ही चांगली वस्तू गेली कुठे? मूळ आयबीएम पीसीची सर्वांत साधी आवृत्ती अमेरिकेत 1,565 डॉलरला होती. एवढ्या महाग यंत्रासोबत दोन किलोंहून जड, आत पोलादी पत्रा असलेला कीबोर्ड देणं परवडत होतं. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर घरोघरी जायला लागला, किमती भराभर खाली आल्या आणि प्रत्येक भागातून पैसे काढायची वेळ आली. गिऱ्हाईक दुकानात मेमरी विचारतं, प्रोसेसर विचारतं. कीबोर्ड कसा आहे हे कुणी विचारत नाही. त्यामुळे पैसे सर्वांत आधी तिथून निघाले. चांगला कीबोर्ड बनवायची विद्या कुणी विसरलं नव्हतं, तिच्यासाठी पैसे द्यायला कुणी तयार नव्हतं, एवढंच. मॉडेल एमच्या वंशातले कीबोर्ड अमेरिकेत केंटकी राज्यात युनिकॉम्प नावाची कंपनी अजून बनवते.

आपल्याकडची टकटक

कोकणात मॉडेल एम हात लावून पाहिलेला माणूस विरळा. आपल्या कानातली टकटक बहुतेक टीव्हीएस गोल्डची. कचेऱ्या, बँका, बिलिंगचे काउंटर, सगळीकडे हा काळा किंवा पांढुरका ठोकळा असायचा आणि काही ठिकाणी आजही आहे. वर्षानुवर्षं त्यात जर्मनीच्या चेरी कंपनीचे निळे स्विच येत. चेरीची ही एमएक्स मालिका 1980च्या दशकातली.

या कीबोर्डाच्या एका बटणाचं टोपण सरळ वर ओढून काढा. खाली चौकोनी काळी डबी दिसते आणि तिच्यातून वर आलेला निळा दांडा, माथ्यावर अधिकचं चिन्ह असलेला. डबीच्या आत एक स्प्रिंग आणि शेजारी पत्र्याच्या दोन पातळ पात्या. दांडा वर असताना त्याची कड एका पातीला बाजूला रेटून ठेवते. खाली गेला की ती कड सरकते, पाती मोकळी होते आणि दुसरीला चिकटते. चिकटण्याच्या जागी सोन्याच्या मिश्रधातूचा बारीक ठिपका असतो, कारण सोन्याला गंज चढत नाही. निळ्या दांड्याभोवती एक पांढरा सुटा भाग असतो. तो खटकन खाली उडतो, त्याचाच तो आवाज.

बटणाचा पूर्ण प्रवास 4 मिलिमीटर, आणि अक्षर लागतं साधारण 2 मिलिमीटरच्या जरा पुढे. म्हणजे होकार निम्म्या वाटेत. अडथळा ओलांडायला 60 ग्रॅमच्या आसपास जोर लागतो. याच मालिकेतला लाल स्विच 45 ग्रॅमच्या जोरात चालतो, पण त्यात ना अडथळा ना आवाज, तो सरळ खाली जातो. तपकिरी या दोघांच्या मधला: अडथळा आहे, पण हलका, आणि टकटक नाही. माझं मत विचाराल तर भरपूर मजकूर टाइप करणाऱ्याला निळा किंवा तपकिरी. लाल खेळ खेळणाऱ्या पोरांसाठी ठीक आहे.

निळ्यातही एक उणीव आहे. अक्षर सुटायला बटण जिथे लागलं त्याच्याहून बरंच वर यावं लागतं. तेच अक्षर भराभर दोनदा मारायचं झालं तर बोट नीट उचलावं लागतं. 

आपल्या जुन्या टायपिस्टांना तो इतका आवडला याचं कारण त्यांच्या शिक्षणात आहे. गोदरेजने 1955 साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला आणि पुढच्या कित्येक पिढ्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये लोखंडी यंत्रावर बोटं कमावून बाहेर पडल्या. तिथे बटण सेंटीमीटरच्या आसपास खाली जायचं आणि जोर कमी पडला तर कागदावर अक्षर फिकं उठायचं. असं बोट रबराच्या घुमटावर आलं की घुमटाचीही वाट लागते आणि बोटाचीही. निळ्या स्विचमध्ये त्या बोटाला ओळखीचं काहीतरी सापडलं.

मराठी टाइप करणाऱ्याचं शिफ्ट

याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून जरा थांबतो. भारतीय मानक ब्यूरोने 1991 साली मानलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतांश उजव्या हाताला असतात. क साधा, ख शिफ्टसह. ग साधा, घ शिफ्टसह. तसंच भ, फ, थ, ध, श, ण आणि ळ. 'फणस' लिहायचा तर तीन अक्षरांत दोनदा शिफ्ट, 'शाळा' लिहायची तर दोन्ही व्यंजनांना. इंग्रजी टाइप करणारा वाक्यातून एखाददुसऱ्या वेळी शिफ्ट दाबतो, आपण जवळजवळ प्रत्येक शब्दात.

शिफ्ट हे लांब बटण आहे. ते एका टोकाला दाबलं की तिरकं होऊ नये म्हणून चांगल्या कीबोर्डात त्याच्या खाली एक पोलादी तार दोन टोकांना अडकवलेली असते, स्टॅबिलायझर म्हणतात तिला. ती नीट बसलेली आणि वंगण लावलेली असेल तर बटण कुठेही दाबा, समतल खाली जातं. ढिली असेल तर खडखडते. आणि मालवण, देवगड, वेंगुर्ल्यासारख्या गावात तिला गंज चढतो. गंज चढला की शिफ्ट खाली अडकून राहतं आणि क ऐवजी ख, न ऐवजी भलतंच काही उमटायला लागतं. लोक म्हणतात कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आला. टोपण काढून तार पुसावी आणि सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवावं, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. खोबरेल तेल मात्र लावू नका, ते चिकट होतं, धूळ धरतं आणि मुंग्यांना बोलावतं.

खारी हवा, पाऊस आणि पूर

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते. समुद्राकाठी तिच्यात मिठाचे कण असतात. मीठ ओलावा ओढून घेतं, त्यामुळे धातूवर खाऱ्या पाण्याचा न दिसणारा थर कायम राहतो. स्वस्त कीबोर्डाच्या चादरी उघडल्या की चांदीच्या शाईच्या रेघांवर काळे डाग दिसतात. डाग वाढला की रेघ तुटते.

रेघ तुटल्याची खूण ओळखता येते. कीबोर्डात प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. बटणं आडव्या-उभ्या रेघांच्या जाळ्यात बसवलेली असतात आणि आतली चिप एकेक रेघ फार वेगाने तपासत जाते. त्यामुळे एकच बटण मेलं तर बहुधा घुमट फाटलाय किंवा खाली कचरा आहे. चार-सहा बटणं एकदम मेली, तर त्यांची सामाईक रेघ गेली. मेम्ब्रेनमध्ये ही रेघ जोडायची शाई मिळते, पण तीन-चारशेच्या कीबोर्डावर ती मेहनत कुणी करत नाही. तो भंगारात जातो. सुट्या स्विचच्या कीबोर्डात गेलेला स्विच कथलाचा डाग (सोल्डर) काढून बदलता येतो, खालची तांब्याची रेघ तुटली तर वरून बारीक तार टाकता येते. 'जुने टिकायचे' असं आपण म्हणतो, त्यातला मोठा वाटा या दुरुस्त होण्याचा आहे.

22 जुलै 2021ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा दुकानांतल्या यंत्रांत चिखल बसला. पुरातून निघालेल्या कीबोर्डात हाच फरक दिसतो. चादरींच्या मध्ये शिरलेलं गढूळ पाणी केशाकर्षणाने तिथेच अडकून बसतं, बाहेरून वाळलेला कीबोर्ड आतून ओला असतो. सुट्या स्विचचा कीबोर्ड टोपणं काढून, वीज जोडलेली नसताना स्वच्छ पाण्याने भरपूर धुता येतो. मग सावलीत पंख्याखाली काही दिवस ठेवायचा. सगळेच वाचत नाहीत, स्विचमध्ये गाळ राहिला तर बटण खरखरतं. पण पुन्हा टाइप करायला लागण्याची संधी त्यालाच जास्त. चहा सांडला तरी रीत हीच: आधी वायर काढा, मग बाकीचं.

नव्याची बाजू

नवं ते सगळं वाईट, असं मी म्हणणार नाही. लॅपटॉपच्या बटणाखाली प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या कात्रीसारख्या एकमेकींत अडकवलेल्या असतात. प्रवास जेमतेम एक-दीड मिलिमीटर, पण कात्रीमुळे बटण समतल खाली जातं आणि छोटा घुमट सरळ बसतो. चांगल्या लॅपटॉपचा कीबोर्ड टेबलावरच्या तीन-चारशेच्या कीबोर्डाहून नक्कीच बरा. मर्यादा मात्र आहे. 2015 साली अॅपलने आणखी चपट्या, 'बटरफ्लाय' नावाच्या रचनेची बटणं आणली. प्रवास अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आला आणि धुळीच्या कणानेही बटणं अडकायला लागली. 2019च्या अखेरीपासून कंपनी पुन्हा कात्रीकडे वळली. बोटाला काही कळायचं तर थोडी जागा लागतेच.

आणि ज्याला जुना स्पर्श हवाय त्याच्यासाठी आजचा काळ नव्वदच्या दशकापेक्षा चांगला आहे. चेरीच्या एमएक्स रचनेची पेटंटं संपली, आणि 2014च्या सुमारास गेटरॉन, काइल अशा चिनी कंपन्यांचे तशाच रचनेचे स्विच मोठ्या प्रमाणावर बाजारात यायला लागले. दोन-तीन हजारांत असा कीबोर्ड मिळतो. काहींमध्ये स्विच सोल्डरच्या डागाविना, चिमट्याने उपटून बदलता येतात. माझ्या मते किनाऱ्यावर राहणाऱ्यासाठी ही गेल्या काही वर्षांतली सर्वांत उपयोगाची सुधारणा.

टोपणांचंही पाहा. जुनी टोपणं बहुधा एबीएस प्लॅस्टिकची, वापराने गुळगुळीत आणि चकचकीत होतात, उन्हात पिवळी पडतात. आता पीबीटी प्लॅस्टिकची मिळतात, ती कमी झिजतात. अक्षर दोन रंगांच्या प्लॅस्टिकमधून ओतलेलं असेल तर टोपण झिजलं तरी अक्षर पुसलं जात नाही. देवनागरीसाठी मात्र बहुतेकांना अजून स्टिकरच लावावे लागतात, आणि मे महिन्याच्या घामात त्यांच्या कडा सुटून डिंक बोटाला लागतो. या बाबतीत आपल्याकडे कुणी मनावर घेतलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आणखी एक रचना पुन्हा वर आली आहे. हॉल इफेक्टच्या बटणात पाती पातीला टेकतच नाही. दांड्यात बारीक चुंबक असतो, खालचा सेन्सर त्याचं जवळ येणं ओळखतो. हनीवेलने असे कीबोर्ड 1960च्या दशकाच्या अखेरीस बनवले होते. आज ते खेळणाऱ्यांसाठी म्हणून विकले जातात. गंजायला संपर्कच नाही, म्हणून खाऱ्या हवेत ते फायद्याचे. पाटी आणि चिप तरीही गंजू शकतात, तेवढं लक्षात ठेवायचं. आणि त्यातले बहुतेक लाल स्विचसारखे सरळ खाली जातात, मधला होकार देत नाहीत. ज्याला टकटक हवी त्याचं समाधान होणार नाही.

घ्यायचा झाला तर

दुकानात कीबोर्ड जोडून घ्या आणि मराठीत चार ओळी टाइप करा, 'शाळा', 'फणस', 'ओळखपत्र' असे शब्द मुद्दाम घ्या. डावं-उजवं दोन्ही शिफ्ट आतल्या आणि बाहेरच्या टोकाला दाबून बघा. स्पेसबार दोन्ही टोकांना सारखा चालतोय का पाहा. एखादं बटण अगदी सावकाश दाबा आणि अक्षर कुठे उमटतं बघा: अर्ध्या वाटेत की तळाला. घरात लहान मूल झोपत असेल किंवा एकाच खोलीत चार जण काम करत असतील तर निळा घेऊ नका, तपकिरी घ्या. जूनच्या आधी टोपणं काढून ब्रशने आतली लाल माती झाडा, रात्री कापड टाका. आणि स्विच बदलता येणारा कीबोर्ड घेतलात तर त्याच जातीचे दहाएक सुटे स्विच त्याच वेळी मागवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. मालवण-कुडाळच्या दुकानांत ते सहसा मिळत नाहीत, आणि भर पावसात ई अडला की कुरिअरची वाट बघत काम थांबवावं लागतं. इनस्क्रिप्टमध्ये काना त्याच बटणावर आहे.